रिपब्लिकन : एक नाव, दोन पक्ष
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेतील पक्षपद्धतीचा विषय निघतो, तेव्हा ‘रिपब्लिकन’ हा शब्द वर्गातल्या काही जणांना परका वाटत नाही. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या भागांत वाढलेल्या मुलांनी तो पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी भिंतीवर वाचलेला असतो. निळा झेंडा, त्यावर अशोकचक्र आणि पक्षाच्या नावापुढे कंसात एखाद्या पुढाऱ्याचे नाव. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अमेरिकेचा इतिहास मला घरी कोणी सांगितला नाही. पण रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले आणि कशामुळे झाले, यावर वडीलधाऱ्या माणसांचे वाद मात्र मी लहानपणापासून ऐकत आले. “पक्षाने विचार सोडला” असे एक जण म्हणे. “काळ बदलला, तसा पक्षही बदलला” असे दुसरा म्हणे. दोघेही आपापल्या जागी खरे वाटत.

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष आणि आपल्याकडील रिपब्लिकन पक्ष यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. तरीही दोघांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर राजकीय पक्षांचे विचार कसे व का बदलतात, हे चांगले समजते. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

अमेरिकेतील अदलाबदल

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचा जन्म १८५४ सालचा. कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, हे तेथील वसाहतवाल्यांनीच ठरवावे, असा कायदा त्या वर्षी झाला. गुलामगिरी नव्या मुलखात पसरू द्यायची नाही, या एका मुद्द्यावर उत्तरेकडील निरनिराळ्या मतांचे लोक एकत्र आले आणि हा पक्ष उभा राहिला. १८६० साली त्याचा उमेदवार अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला. यादवी युद्ध झाले. १८६५ साली घटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्ण हे कारण दाखवून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही असे ठरले. साहजिकच कृष्णवर्णीय मतदार रिपब्लिकन पक्षाचा झाला. उलट डेमोक्रॅटिक पक्ष हा दक्षिणेतील गोऱ्या जमीनदारांचा व वर्णभेदाच्या समर्थकांचा बालेकिल्ला होता.

आजच्या अमेरिकेकडे पाहिले तर हे चित्र जवळजवळ उलटे दिसते. कृष्णवर्णीय मतदारांचे मोठे बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे आणि दक्षिणेकडील बहुतेक राज्ये रिपब्लिकन पक्षाकडे आहेत. ही अदलाबदल झाली कशी?

ती एका दिवसात झाली नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तिला सुमारे साठ वर्षे लागली. युद्धानंतर रिपब्लिकन पक्ष हळूहळू उत्तरेकडील कारखानदार व व्यापारी यांचा पक्ष बनला. १८७७ साली दक्षिणेतील बंदोबस्तावरून केंद्राचे सैन्य निघाले आणि तेथील कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडल्यासारखे झाले. पक्षाचे नाव लिंकनचेच राहिले, परंतु लिंकनचे काम मागे पडले. दुसरीकडे, मंदीच्या काळात १९३२ साली निवडून आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेकारांना काम आणि कामगारांना संघटनेचा हक्क दिला. त्याचा फायदा उत्तरेकडील शहरांत आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांनाही थोडाफार मिळाला. १९३६ च्या निवडणुकीत या मतदारांनी मोठ्या संख्येने रूझवेल्ट यांना मते दिली. म्हणजे प्रथम मतदार सरकला आणि पक्ष त्याच्या मागून सरकला.

एकाच पक्षात वर्णभेदाचे समर्थक आणि वर्णभेदाचे बळी फार काळ नांदू शकत नव्हते. १९४८ साली ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद बंद करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी दक्षिणेतील डेमोक्रॅट नेते स्ट्रॉम थरमंड वेगळी चूल मांडून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांनी चार राज्ये जिंकली. १९६४ सालचा नागरी हक्क कायदा हा निर्णायक टप्पा म्हणता येईल. सिनेटमध्ये तो ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. विरोधी २७ मतांपैकी २१ डेमोक्रॅटिक पक्षाची होती आणि फक्त ६ रिपब्लिकन पक्षाची! पण त्या सहांपैकी एक होते बॅरी गोल्डवॉटर आणि त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनाच उभे केले. ते सपाटून हरले. जी सहा राज्ये त्यांना मिळाली, त्यांतील एक त्यांचे स्वतःचे ॲरिझोना आणि उरलेली पाच खोल दक्षिणेतील होती. थरमंडही त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात गेले. पुढे निक्सन व रेगन यांच्या काळात हा ओघ वाढत गेला आणि १९९४ साली दक्षिणेतील प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकन पक्षाकडे आल्या.

अर्थकारणातही असेच झाले. एकोणिसाव्या शतकात परदेशी मालावर जबर जकात बसवावी असे म्हणणारा रिपब्लिकन पक्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता झाला आणि २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्यावर पुन्हा जकातीकडे वळला.

योगायोगाची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गोऱ्या व काळ्या नोकरांना वेगळे बसवण्याची पद्धत सुरू झाली. आज त्याच पक्षाचे नाव नागरी हक्कांशी जोडले जाते. नावावर जाऊ नये, ते अशासाठी.

स्वतंत्र मजूर पक्ष

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात ज्याला आपण रिपब्लिकन पक्ष म्हणतो, त्याची परंपरा बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षापासून सुरू होते. या नावात जात नाही, ‘मजूर’ हा शब्द आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. कुळांचे हक्क, कामगारांचे हक्क, गरज पडेल तेथे उद्योगधंदे सरकारच्या ताब्यात घेणे, शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, तांत्रिक शिक्षण असा त्या पक्षाचा जाहीरनामा होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी पक्षाने १७ उमेदवार उभे केले व त्यांपैकी १४ निवडून आले. त्यांत शामराव परुळेकरांसारखे सवर्ण कार्यकर्तेही होते. हेच परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले आणि गोदावरीबाईंसह त्यांनी १९४५ चा वारल्यांचा लढा उभारला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती म्हणजे काय, हे कोकणातील माणसाला सांगावे लागत नाही. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. सारा सरकारात भरायचा त्याने, पण कुळाकडून किती वसूल करायचे ते बव्हंशी तोच ठरवणार. माझे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताची जमीन कसत असत. घरात पीक यायच्या आधी खोताचा वाटा जायचा, एवढी एकच हकीकत आमच्या घरात तीन पिढ्या टिकली आहे. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. त्यात महार होते तसेच कुणबीही होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून गिरणी कामगारांचा संप घडवून आणला. कामगाराचा संपाचा हक्क आवळणारे ते विधेयक होते. शेतात कूळ आणि शहरात कामगार असलेला माणूस बहुधा एकाच घरातला असे, हे या पक्षाने ओळखले होते, असे म्हणावेसे वाटते.

मजुराकडून जातीकडे

असे असताना जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि स्वतंत्र मजूर पक्ष मागे पडला. नावातला ‘मजूर’ गेला, ‘अनुसूचित जाती’ आल्या. हा विचारांतील बदल होता काय?

याचे कारण त्या वर्षाच्या राजकारणात सापडते. मार्च १९४२ मध्ये क्रिप्स योजना आली. स्वतंत्र भारताची घटना कोण करणार, कोणाला कोणत्या हमी मिळणार, याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. या वाटाघाटींत काँग्रेस होती, मुस्लिम लीग होती; जमातीजमातींच्या नावाने मागण्या मांडल्या जात होत्या. त्या टेबलापाशी ‘मजुरां’ना खुर्ची नव्हती. शिवाय मजूर म्हणून हाक दिली, तरी स्पृश्य मजूर मत देताना जात विसरत नव्हता. तेव्हा ज्यांच्या बाजूने बोलायचे, त्यांचे नाव उघडपणे घेणे भाग पडले.

येथे एक गंमत आहे. ज्या महिन्यात पक्षाच्या नावातून मजूर गेला, त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. पुढील चार वर्षांत सेवायोजन कार्यालये निघाली, खाणकामगार स्त्रियांसाठी कायदे झाले आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा करणारे विधेयक त्यांनीच मांडले. ते १९४६ साली मंजूर झाले. पाटी बदलली होती, काम सुटले नव्हते. माझ्या मते बदल आणि त्याग यांतील फरक समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

निवडणुकीत मात्र फेडरेशनला यश आले नाही. १९४६ साली धुव्वा उडाला. १९५२ साली खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले आणि देशभरातून लोकसभेवर फेडरेशनचे दोनच खासदार गेले. केवळ एका समाजाच्या मतांवर निवडून येता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. १९५५ साली तर विधिमंडळांतील राखीव जागा बंद कराव्यात, असा ठराव फेडरेशनच्या कार्यकारिणीनेच केला.

रिपब्लिकन पक्ष आणि त्याचे गट

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले. त्यामुळे फेडरेशनपुढे एक अडचण उभी राहिली, तिचा उल्लेख फारसा होत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस कायद्याने अनुसूचित जातीत मोडत नव्हता. ही तरतूद पुढे १९९० मध्ये बदलली. म्हणजे पक्षाचे नाव पक्षाच्याच कार्यकर्त्यांना लागू पडेनासे झाले. शिवाय बाबासाहेबांना घटनेच्या सरनाम्यातील न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता या तत्त्वांवर उभा असलेला, सर्व शोषितांना सामावून घेणारा विरोधी पक्ष हवा होता. राममनोहर लोहियांशी त्यांचा पत्रव्यवहारही सुरू झाला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तो त्यांच्या माघारी.

त्यापूर्वीच्या सार्वत्रिक निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. १९५५ साली भाषावार प्रांतांवरील पुस्तकात बाबासाहेबांनी मुंबईचे वेगळे राज्य सुचवले होते आणि त्यांचाच पक्ष मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी कम्युनिस्ट, समाजवादी व शेतकरी कामगार पक्षाच्या खांद्याला खांदा लावून लढला. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावातून लोकसभेत गेले.

परंतु लवकरच या दोघांत फूट पडली. गायकवाडांचा ओढा भूमिहीनांच्या लढ्याकडे होता. कांबळे यांना हा मार्ग कम्युनिस्टांकडे नेणारा वाटे व घटनात्मक मार्गावर त्यांचा भर होता. लोक या गटांना ‘नादुरुस्त’ आणि ‘दुरुस्त’ म्हणू लागले. गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून केलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर लाखो लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन द्या, किमान वेतन द्या, या त्यातील मागण्या थेट १९३६ च्या जाहीरनाम्याशी नाते सांगणाऱ्या होत्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच गायकवाड यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. ज्या काँग्रेसविरुद्ध तीस वर्षे लढले, तिच्याशीच मैत्री झाली. गट वाढत गेले.

या निराशेतून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेले. १९७३ च्या तिच्या जाहीरनाम्याने ‘दलित’ शब्दाची व्याख्याच रुंदावली. अनुसूचित जाती-जमाती व बौद्ध यांच्याबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही तिने दलित म्हटले. पण १९७४ साली मार्क्स की बुद्ध या वादात पँथरही फुटली. दुरुस्त-नादुरुस्त वादच नव्या नावाने पुन्हा आला होता.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा माणसे मेली. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, काँग्रेसबरोबरच्या समझोत्यात प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. एकजूट फार टिकली नाही. २०११ साली आठवले यांचा गट शिवसेना-भाजपबरोबर गेला आणि २०१६ साली ते केंद्रात राज्यमंत्री झाले. प्रकाश आंबेडकर यांनी वंचित बहुजन आघाडी काढली व जानेवारी २०२३ मध्ये त्यांनीही उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेशी युती जाहीर केली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला एके काळी शिवसेनेने विरोध केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे किती अंतर चालून झाले ते कळते.

दोहोंतील फरक

दोन्ही इतिहासांत पक्ष बदलले. पण बदलण्याची रीत सारखी नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे प्राथमिक निवडणुकीत सामान्य मतदार ठरवतो. दोनच मोठे पक्ष असल्यामुळे असंतुष्ट माणूस बाहेर पडून फार काही करू शकत नाही. तो एक तर पक्षाला आतून बदलतो किंवा समोरच्या पक्षात जातो. म्हणून तेथे नाव टिकते आणि आतला माणूस बदलतो.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. वस्तीतला मतदार निळ्या झेंड्याखाली जागच्या जागी उभा राहिला आणि पुढारी निरनिराळ्या दिशांना गेले. उमेदवार कोण, युती कोणाशी, हे ठरवताना त्याला कोणी विचारले नाही. असंतुष्ट झाला की पक्षाला आतून बदलण्याची वाट नसल्याने नवा गट काढायचा, एवढेच हाती उरते. त्यात महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे १२ टक्के आणि तीही विखुरलेली. स्वबळावर जागा जिंकणे कठीण म्हणून युती अपरिहार्य होते आणि मोठा भागीदार ज्या रंगाचा, त्या रंगाची छटा धाकट्यावर येते. १९५७ ला डावी, १९६७ ला काँग्रेसची, २०११ ला युतीची. केवळ पुढाऱ्यांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. निवडणुकीच्या पद्धतीचाही यात वाटा आहे, हे विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये.

तर मग वडीलधाऱ्यांच्या वादात खरे कोण? मला वाटते, बदलला म्हणून पक्षाला दोष देता येत नाही. १९३६, १९४२ आणि १९५७ असे तीन वेळा बदलूनही आंबेडकरी राजकारण एका दिशेने चालत होते. पक्ष तपासताना तीन प्रश्न विचारावेत. तो कोणासाठी बोलतो? त्यांच्यासाठी कोणते काम प्रत्यक्ष हाती घेतो? आणि युती करताना कोणती मागणी तो टेबलाखाली ठेवतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे गट एकच देतात. फरक पडतो तो उरलेल्या दोन प्रश्नांत.

तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की वाटेत टेबलाखाली गेला तो ‘मजूर’. खोती कायद्याने १९४९ साली गेली. तिच्यातून सुटलेल्या कुळांची नातवंडे-पतवंडे आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथे नाक्यावर उभी राहतात, सोसायट्यांच्या दारावर बारा-बारा तास पहारा देतात, कंत्राटदाराकडे राबतात. ४८ तासांचा आठवडा त्यांना कागदावर आहे. कुणब्याच्या आणि महाराच्या नातवाला एकाच कंत्राटदाराकडून पगार मिळतो, पण १९३८ च्या मोर्चासारखे त्यांना एका झेंड्याखाली बोलावणारे कोणी दिसत नाही.

१९८९ पासून मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती मत आहे. ते देण्यापूर्वी १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा आणि आपल्या मतदारसंघातील आजचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचावेत, एवढीच माझी विनंती आहे. पक्षाने विचार सोडला की काळाप्रमाणे बदलला, हे मग आपल्याला कोणाच्या सांगण्यावरून ठरवावे लागणार नाही.